आधी कान, मग व्याख्या

शाळेत कवितेचे तंत्र शिकवले जाते ते बहुधा प्रश्नपत्रिकेच्या सोयीने. 'सम, समान, सारखा' दिसले की उपमा, 'जणू, गमे, वाटे' दिसले की उत्प्रेक्षा. ओळींच्या शेवटी सारखी अक्षरे आली की त्याखाली रेघ ओढून यमक लिहायचे. या पद्धतीने शिकलेल्या मुलाला अलंकाराचे नाव बिनचूक सांगता येते. कवीला तो तिथे का लागला, हे मात्र त्याला कुणी विचारलेले नसते, आणि मग कविता म्हणजे आधी साधे वाक्य आणि नंतर त्याच्या अंगावर चढवलेले दागिने, अशी समजूत घट्ट होते. ती समजूत चुकीची आहे असे माझे ठाम मत आहे. पुढची प्रकरणे त्या 'का'साठी लिहिली आहेत. यमक काय करते, पुनरुक्ती कशासाठी असते, समुद्राला हाक मारल्याने कवितेत काय घडते, असे प्रश्न त्यांत विचारले आहेत.

उत्तरे शोधण्यासाठी मी रायगडची किनारपट्टी निवडली: उरण-करंजापासून अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन असे करत हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या खाडीपर्यंत. सोबत या खाड्यांना मिळणाऱ्या नद्यांकाठचा महाडपर्यंतचा मुलूखही घेतला आहे. आगरी आणि कोळी लग्नांतले धवळे, नारळी पौर्णिमेची गाणी, गणपतीतला शक्ती-तुरा, बेने इस्रायलांची मराठी कीर्तने, महाडच्या पाण्याची गाणी हे सारे एकाच जिल्ह्यात आहे. काव्यशास्त्राच्या ग्रंथांतली बहुतेक प्रकरणे इथे कामाला लागलेली दिसतात, आणि कामाला लागलेली वस्तू पाहिली की तिचा उपयोग लवकर कळतो.

सुरुवात एका दगडापासून करावी लागेल. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी गाव लागते. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. लेख दानाचा आहे, काव्याचा नाही. तरी त्याची भाषा रोजच्या बोलण्याची नाही. केसीदेवरायाचे नाव येण्याआधी पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती अशी बिरुदे ओळीने येतात, आणि शेवटाकडे महालक्ष्मीची आण घातलेली आहे. बिरुदांची चढती मांडणी ऐकणाऱ्याला सावरून बसायला लावते, आणि आण त्याला वचनात अडकवते. शब्द विशिष्ट रीतीने मांडले की ते माणसाला बांधून ठेवतात, हे आक्षीच्या माणसांना हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. कवितेच्या साऱ्या तंत्राचे मूळ या जाणिवेत आहे.

पहिला विषय नादाचा. यमक आणि अनुप्रास यांना आपण शब्दालंकार म्हणतो आणि अर्थालंकारांच्या खालच्या पायरीवर बसवतो. पण ज्यांच्या हातात कागद नव्हता, त्यांच्यासाठी यमक ही स्मरणाची सोय होती. पहिली ओळ एका ध्वनीवर संपली की दुसरीचा शेवट जवळजवळ ठरून जातो, आणि गाणारीला हरवलेला शब्द सापडतो. शिवाय यमक जुळते ते कानावर, आणि प्रत्येक बोलीचा कान वेगळा असतो. प्रमाण मराठीत 'होडी' आणि 'दोरी' यांचे यमक जेमतेम जुळते. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, होडीची 'होरी' होते, आणि होरी, दोरी, पोरी ही यमके चोख बसतात. 'ळ'चा 'ल' झाला की 'मासली'ला 'असली' मिळते. 'ण'चा 'न' झाला की 'पानी'ला 'गानी' मिळते. हे गाणे शुद्धलेखनाच्या नियमांनी 'सुधारून' छापले तर त्याची यमके मोडतात आणि छापणाऱ्याला वाटते की रचणारी कच्ची होती. लोकगीतांच्या संग्रहांत हा अन्याय होण्याचा धोका कायम असतो. म्हणून यमकाच्या प्रकरणात एक नियम आग्रहाने मांडला आहे: कविता ज्या बोलीत रचली गेली त्या बोलीच्या उच्चारात ती आधी मोठ्याने म्हणावी, निर्णय मागाहून द्यावा.

नादानंतर लय. मराठी पद्यरचनेचे तीन मोठे गट आहेत: लघु-गुरूंच्या ठरलेल्या क्रमाने चालणारी अक्षरगणवृत्ते, मात्रांच्या हिशोबाने चालणाऱ्या जाती, आणि अक्षरसंख्येवर किंवा नुसत्या चालीवर उभे असलेले ओवी-अभंगांसारखे छंद. माधव जूलियनांनी १९२७ साली 'छंदोरचना' प्रसिद्ध करून या साऱ्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि आजही अभ्यासकाला त्या ग्रंथापासूनच आरंभ करावा लागतो. मात्र गणांची नावे शिकण्याआधी लय अंगात मुरलेली असते. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: प्रत्येक चरणात बारा अक्षरे, चार वेळा 'य' गण, म्हणजे एक लघु आणि दोन गुरू. संध्याकाळी दिव्यापाशी बसून ते म्हणणाऱ्या लहान मुलाला 'य' गण म्हणजे काय ते माहीत नसते, पण एखादे अक्षर गळले तर तोच आधी अडखळतो. छंदःशास्त्र या अडखळण्याचे कारण सांगते. लय त्याआधीच त्या मुलापाशी असते.

ओवीचे उदाहरण याहून बोलके आहे. ग्रंथांतल्या ओवीला चार चरण असतात. पहिल्या तीनांच्या शेवटी यमक येते, आणि चौथा आखूड राहून विधान पुरे करतो. जात्यावरची ओवी वेगळी. ती बहुधा दोन ओळींची असते आणि तिचा श्वास जात्याच्या फेऱ्याने ठरतो. ओळ कुठे लांबवायची आणि कुठे तोडायची, हे दळणारीच्या दंडातल्या जोरावर अवलंबून असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या वाचताना छापील ओळ अनेकदा कमी-जास्त अक्षरांची वाटते. जाते फिरत होते तेव्हा तिथे काहीच कमी-जास्त नव्हते. होडी ओढताना एकाने बोल द्यायचे आणि बाकीच्यांनी झील धरायची, यातही तोच हिशोब असतो. झील धरली जाते तेवढ्यात बोल देणाऱ्याला श्वास मिळतो, आणि साऱ्यांचे बळ एका क्षणी दोरावर पडते. ध्रुपद हे तंत्र इथून समजून घेतले तर ते कवितेत कधी लागते आणि कधी नुसते भरीला येते, हे सांगायला वेगळा नियम लागत नाही.

लयीबद्दल एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. लय म्हणजे घड्याळाची टिकटिक, असे अनेकांना वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाला भरती-ओहोटी ठाऊक असते: तीच चढ-उतार, पण रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी, उधाणाला फुगणारी आणि भांगाला मंदावणारी. चांगल्या कवितेची लय अशी असते. वृत्ताचा साचा स्थिर राहतो आणि बोलण्याचा झोक त्यावर कधी पुढे, कधी मागे पडत राहतो. मुक्तछंदात साचा दिसत नाही, पण ही हालचाल तिथेही असावी लागते. ती नसेल, तर गद्याच्या ओळी मध्येच तोडून ठेवल्यासारखे वाटते. मुक्तछंदाचे प्रकरण म्हणूनच वृत्तांच्या मागोमाग ठेवले आहे.

पुनरुक्तीचे प्रकरण या साऱ्यांत लांब झाले आहे, आणि त्याचे कारण धवळारीण आहे. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी लग्नांत धवळारीण नावाची गाणारी स्त्री असते. हळद, मांडव, उंबर अशा विधींची तिची स्वतंत्र गाणी असतात, आणि तिच्या गाण्याबरोबर विधी पुढे सरकतो. वाद्य नसते, वही नसते. देवांना लग्नाचे बोलावणे करताना ती एकच ओळ पुन्हा घेते आणि दर खेपेला देवाचे नाव बदलते. मग कुळातली माणसे येतात, मग नाती येतात. छापील पानावर हे कंटाळवाणे दिसेल. मांडवात मात्र ज्याचे नाव येईल त्याची मान वर होते, आणि ज्याचे अजून आले नाही तो वाट पाहतो. ओळ तीच राहून एकच शब्द बदलतो तेव्हा त्या शब्दावर सारा प्रकाश पडतो. शिवाय क्रमाला अर्थ असतो: आधी कुणाला बोलावले, मागून कुणाला, शेवटी कुणाला.

या परंपरेला मराठी कवितेच्या इतिहासात फार मानाचे स्थान आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रिद्धपूरला रुक्मिणी-स्वयंवराचे धवळे रचले, आणि तिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो. म्हणजे मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीने हाती घेतलेला प्रकार लग्नात गायचा होता, बायकांच्या तोंडचा होता. विदर्भातल्या रिद्धपुरापासून उरण-पेणच्या मांडवापर्यंत तो नेमका कसा पोहोचला याचा तर्क करण्यापेक्षा, दोन्हीकडे तंत्राचा पाया एकच आहे, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते: विधीच्या पावलांनी चालणारे कथन, आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी पुनरुक्ती. महदंबेचे नाव अभ्यासक्रमात आहे. धवळारणीचे तंत्रही त्याच वर्गात, त्याच आदराने शिकवले जावे.

आता अर्थालंकारांकडे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांत फरक काय, हे मुलांना पाठ असते. तो फरक शब्दांच्या यादीचा वाटतो, पण खरा फरक धिटाईचा आहे. चौलच्या दत्तजत्रेतली गर्दी घ्या. 'गर्दी भरतीसारखी चढली' असे म्हटले की दोन वस्तू शेजारी उभ्या राहतात आणि सांगणारा दोघींपासून दूर राहतो. 'जणू भरतीच चढत होती' म्हटले की त्याची खात्री डळमळू लागते. 'गर्दीची भरती' म्हटले की दोन्ही एक होतात. आणि टेकडीच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून कुणी नुसते 'भरती चढली' म्हणाला, तर गर्दी हा शब्दच नाहीसा होतो आणि ऐकणाऱ्याला ती स्वतः शोधावी लागते. संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रत्येक पायरीला नाव दिले आहे. शेवटची पायरी ती रूपकातिशयोक्ती. नावांपेक्षा कवीने ऐकणाऱ्यावर किती विश्वास टाकला, हे मोजायला शिकावे.

चेतनगुणोक्तीविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण या किनाऱ्यावर तिचे रूप बदलते. निर्जीवाला सजीवाचे गुण देणे, ही तिची व्याख्या. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करतो, त्याला दर्याराजा म्हणतो, त्याच्याकडे धन्याची खुशाली मागतो. व्याख्या लावायची तर इथे चेतनगुणोक्ती आहे. पण म्हणणाऱ्याच्या लेखी दर्या निर्जीव नाहीच. पावसाळाभर बंद असलेली मासेमारी आता सुरू होणार, घरातला माणूस त्या पाण्यावर जाणार, आणि ते पाणी ऐकते असे मानल्याशिवाय त्या घराला झोप लागणार नाही. अलंकार इथे एका नात्याचे नाव आहे. कालिदासाला हे पक्के माहीत होते. मेघाला निरोप सांगणाऱ्या यक्षाची बाजू घेऊन तो आरंभीच म्हणतो की, प्रेमाने व्याकुळ झालेल्याला सजीव-निर्जीवाचा भेद राहत नाही. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी 'मेघदूत' मराठीत आणले. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांना ढगाशी बोलणाऱ्या यक्षाची भाषा मराठीत आणावीशी वाटली, यात मला काव्याची ताकद दिसते. सावरकरांनी १९०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरून सागराला उद्देशून कविता लिहिली, तिच्यातही हेच तंत्र आहे. समुद्राला फक्त हाक मारून ती थांबत नाही, त्याला वचनाची आठवण देऊन जाब विचारते. संबोधन आले की कवितेत दुसरा माणूस उभा राहतो, आणि वर्णनाचे नाट्य होते.

प्रतिमा आणि प्रतीक यांत गल्लत फार होते. ती सोडवायला महाडइतके चांगले ठिकाण नाही. पाणी ही जगातल्या साऱ्या कवितांची जुनी प्रतिमा आहे: तहान, शुद्धी, वाहणे, आरसा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेल्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या दिवसापासून भीमगीतांत आणि पुढच्या दलित कवितेत पाणी हा शब्द आला की त्याच्या मागे एक तळे, एक तारीख आणि एक हक्क उभा राहतो. तिथे 'ओंजळ' एवढा शब्दही पुरतो. कवी प्रतिमा एकट्याने घडवू शकतो. प्रतीक घडायला माणसांचा सामायिक अनुभव लागतो. म्हणून प्रतीकांचे स्पष्टीकरण देताना शब्दकोशाबरोबर इतिहासही उघडावा लागतो.

शब्दांचे खेळ, श्लेष, कूट, प्रश्नोत्तर यांना अनेक समीक्षक हलके मानतात. गणपतीच्या दिवसांत श्रीवर्धन, म्हसळा, महाड, पोलादपूरकडे शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. लोक त्याला जाखडी किंवा बाल्या नाचही म्हणतात. एक बाजू शक्तीची, दुसरी तुऱ्याची, म्हणजे शिवाची. गण आणि गवळण झाली की सवाल सुरू होतो, आणि समोरच्या शाहिराला त्याच चालीत, पुराणातला आधार देत उत्तर बांधावे लागते. इथे श्लेष चमत्कृतीपुरता नसतो. एका शब्दात दोन अर्थ ठेवणे म्हणजे प्रतिपक्षापुढे टाकलेला पेच असतो, आणि तो सुटला की नाही याचा निकाल समोर बसलेला गाव तिथल्या तिथे देतो. श्रोत्यांपुढे ताबडतोब कसाला लागणारे काव्य आज फार थोडे उरले आहे. शब्दावर पकड असणे म्हणजे काय, हे तिथे ऐकावे.

तंत्र एका समाजाच्या मालकीचे नसते, याचा पुरावाही याच किनाऱ्यावर मिळतो. नवगावजवळ आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिलेल्या या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनाचा साचा उचलला, आणि बायबलमधल्या पूर्वजांची आख्याने त्यात बसवली. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सने गोव्यात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली, तीही याच वाटेने. ओवीने विठ्ठलाचे, ख्रिस्ताचे आणि जात्याशी बसलेल्या लेकीच्या माहेराचे ओझे सारखेच पेलले आहे. आशय बदलला तरी छंद ऐकणाऱ्याला आपल्या घरात असल्याची खूण देतो, आणि मग तो नवी गोष्ट ऐकायला तयार होतो.

शेवटचे मोठे प्रकरण न बोललेल्या अर्थाचे आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा मानला. अभिधा, लक्षणा, व्यंजना या तीन शक्ती समजावताना जुने ग्रंथ गंगेवरच्या गवळीवाड्याचे उदाहरण देतात. वाडा प्रवाहावर असणार नाही, म्हणजे काठावर असणार, ही लक्षणा. आणि काठ न म्हणता गंगा म्हटल्याने त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य सुचते, ती व्यंजना. आपण 'धरमतरच्या खाडीवरचे गाव' म्हणून पाहू. गाव पाण्यावर नाही, काठावर आहे. पण खाडी हा शब्द उच्चारताच चिखल, खारा वारा आणि उधाणाला बांध फुटून शेतात शिरणारे पाणी मनात येते. रचना तीच, सुचणारा अर्थ संपूर्ण निराळा. व्यंजना त्या त्या जागेच्या जगण्यातून येते, म्हणून ती पाठ करता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासरचे हाल थेट सांगितलेले क्वचित आढळतात. भाऊ येणार, त्याला काय वाढू, वाट किती लांबची, एवढेच येते, आणि बाकीचे ऐकणाऱ्या दुसऱ्या बाईला कळते. उघड बोलण्याची सोय नसलेल्यांनी हे तंत्र सर्वांत बारकाईने वापरले.

हे सगळे शिकून कवी होता येईल का, असे विद्यार्थी विचारतात. 'दासबोधा'त चौदाव्या दशकातला तिसरा समास कवित्वकलेवर आहे. महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी श्रद्धा आहे. त्या समासात रामदास कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगतात. मनाला येईल ते ओढूनताणून जुळवणे ते धीट, पुष्कळ ग्रंथ पाठ करून त्यांच्यासारखे रचणे ते पाठ, आणि आतून उमटते ते प्रासादिक. तंत्राच्या अभ्यासाचा धोका दुसऱ्या प्रकारात आहे, हे मान्य करायला हवे. अलंकारांची यादी हाती धरून कविता लिहिणारा पाठ कवित्वापुढे जात नाही. पण धवळारीण, शाहीर आणि दळणारी यांनी तंत्र शिकले ते वर्षानुवर्षे ऐकून, चुकून, पुन्हा गाऊन. त्यांच्यापाशी प्रसाद आणि तंत्र यांत भांडण नाही, कारण जे सांगायचे होते ते आधी होते आणि साधन त्याच्या गरजेने आले.

म्हणून वाचकाला आणि विशेषतः शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रत्येक प्रकरण वाचण्याआधी त्या तंत्राचे आपल्या गावातले एक उदाहरण कानाने ऐका. आजीकडून, लग्नाच्या मांडवातून, जाखडीच्या रिंगणातून, कुठूनही. ते बोलीसकट लिहून घ्या, गाणारीला श्रेय द्या, आणि मग व्याख्या उघडा. व्याख्या आणि ऐकलेले गाणे जुळत नसेल, तर व्याख्या तपासायचे धैर्य ठेवा. मराठी काव्यशास्त्राचा पुढचा भाग अशाच नोंदींतून लिहिला जाणार आहे, आणि तो लिहिण्याचा अधिकार रेवदंड्याच्या किंवा म्हसळ्याच्या शाळेतल्या मुलीलाही तितकाच आहे.